२०२ फुटांचा खांब

हा समोर दिसतोय ना दगडी खांब, काचेच्या बिल्डिंगांच्या गर्दीत अंग चोरून उभा असलेला, हा लंडनचा मॉन्युमेंट, १६६६ च्या मोठ्या आगीचं स्मारक. ती आग इथं जवळच, पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत लागली आणि चार दिवसांत तटाच्या आतलं बहुतेक जुनं शहर जळून गेलं. खांबाची उंची २०२ फूट, ती बेकरी पण इथून २०२ फुटांवरच, म्हणजे खांब त्या दिशेला आडवा केला तर टोक थेट भट्टीत. झाली की भूमिती.

ही भूमिती मुद्दाम दाखवली. लिबरल आर्ट्स, म्हणजे एका धंद्यापुरतं नाही तर सर्वांगीण शिक्षण, यात गणिताला सुट्टी असं ज्यांना वाटतं त्यांना सांगतो, मध्ययुगात यात सात विषय होते: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. वर्गात त्यांचे सात तास होतात, शहरात ते एकमेकांत गुंतलेले सापडतात.

चला, आत जाऊ. ३११ पायऱ्या, गोल गोल वर जाणाऱ्या, आणि मधोमध वरपासून खालपर्यंत नुसती पोकळी. कारण डिझाइन वास्तुकार ख्रिस्तोफर रेन आणि शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकचं, दोघंही आकाशाचे वेडे, स्मारक बांधतोच आहोत तर त्यातच ताऱ्यांसाठी दुर्बीण पण करून टाकू असा त्यांचा बेत. ते काही नीट जमलं नाही, पण खाली तळघरात प्रयोगाची खोली अजून आहे.

आता बाहेर, ही लॅटिन पाटी बघा. १६८१ साली हिच्यावर आगीचं खापर कॅथलिक पंथाच्या ख्रिस्ती लोकांवर फोडणारे शब्द कोरले, मग राजाच कॅथलिक आला तेव्हा ते खोडले, तो गेल्यावर परत कोरले, आणि १८३० ला कायमचे काढले. एका फ्रेंच तरुणाला तर त्याच्याच कबुलीवरून फाशी पण दिली होती, नंतर कळलं की आग लागली तेव्हा तो लंडनमध्ये पोचलाच नव्हता. वक्तृत्व म्हणजे नुसती स्टेजवरची भाषणं नव्हेत, दगडात कोरलेलं खोटं पण त्यातच येतं.

तर्क शिकायला लंडनच्याच सोहो भागात जाऊ. हा बिनदांड्याचा पंप १८५४ च्या कॉलऱ्याची आठवण म्हणून ठेवलाय. कॉलरा याच पंपाच्या पाण्यातून पसरतोय असा डॉक्टर जॉन स्नोचा संशय, त्याच्याच पुराव्यावरून तेव्हा पंपाचा दांडा काढला. तो घरोघर फिरून मृत्यू मोजत होता, पण मला भारी वाटतं ते हे की तो अपवादांच्या मागे लागला. शेजारच्या दारूभट्टीतले कामगार कसे वाचले? ते बिअर प्यायचे, पंपाचं पाणी नाही. आणि लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई कशी गेली? तिला याच पंपाच्या पाण्याची चव आवडायची, मुद्दाम मागवून घ्यायची. इथं कोपऱ्यावर स्नोच्या नावाचा पब आहे, आणि तो स्वतः आयुष्याचा बराच काळ दारूला शिवला नाही, असो.

संगीत राहिलं. इथून थोडं चालत गेलं की ब्रुक स्ट्रीट, २५ नंबरच्या घरात १७२३ पासून मरेपर्यंत संगीतकार हँडल राहिला. शेजारी २३ नंबरला, वरच्या मजल्यावर, १९६८-६९ मध्ये रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स. मधे एक भिंत आणि दोनेकशे वर्षं. शेजारी कोण राहायचा हे कळल्यावर हेंड्रिक्सनं जाऊन हँडलच्या रेकॉर्ड्स विकत आणल्या.