पहिल्या फेरीत कोण कोणासमोर : आभासी आइस हॉकी लीगमधील भाकितांविषयी

(टोरांटो परिसरातील मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

एप्रिल उजाडला की या शहरातल्या मोटारींवर मेपल लीफ्स या इथल्या आइस हॉकी संघाचे निळे झेंडे दिसू लागतात आणि घरोघरी एकच चर्चा सुरू होते : पहिल्या फेरीत आपली गाठ कोणाशी पडणार? २०१८, २०१९ आणि २०२४ या तिन्ही वर्षी पहिल्याच फेरीत, सात सामन्यांच्या मालिकेतील शेवटच्या, सातव्या सामन्यात बॉस्टनकडून झालेला पराभव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या प्रश्नाचे वजन मी सांगायला नको. आज मात्र मी बर्फावरच्या हॉकीइतकेच संगणकावर खेळवल्या जाणाऱ्या हॉकीविषयी बोलणार आहे. गेली अकरा वर्षे मी एका आभासी लीगमध्ये संघ चालवतो आणि हंगाम संपत आला की बाद फेरीतील पहिल्या आठ लढतींचे भाकीत लिहिण्याचे काम माझ्याकडे येते. हे काम करताना जे हाती लागले, ते मला खऱ्या खेळाकडे पाहतानाही फार उपयोगी पडले आहे.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आभासी लीगमध्ये प्रत्येक संघाला एक जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर असतो. तो ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतून खेळाडू निवडतो, अदलाबदली करतो, पगाराची मर्यादा सांभाळतो आणि कोणत्या लाइनवर (आळीपाळीने उतरणाऱ्या खेळाडूंच्या गटात) कोण खेळेल, पॉवर प्लेला (समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) कोण उतरेल, गोलमध्ये कोण उभा राहील हे ठरवून पाठवतो. सामना खेळतो तो संगणक. एसटीएचएस किंवा फ्रँचायझ हॉकी मॅनेजर यांसारख्या संगणक प्रणालींत प्रत्येक खेळाडूला स्केटिंग, पक (खेळाची चकती) हाताळणी, पासिंग, फेसऑफ (खेळ सुरू करताना पकसाठी होणारी झटापट), बचाव, दमसास अशा गुणांचे आकडे दिलेले असतात आणि त्या आकड्यांच्या आधारे, पण प्रत्येक क्षणी एक यादृच्छिक संख्या काढून, सामना पुढे सरकतो. कमिशनर, म्हणजे लीगचा व्यवस्थापक, ठरलेल्या वेळी सिम (संगणकावरचा सामना) चालवतो आणि काही सेकंदांत साठ मिनिटांचा सामना ओळींच्या रूपात आपल्यासमोर येतो : दुसरा पिरियड, फेसऑफ जिंकला, शॉट, गोलरक्षकाने अडवला, रीबाउंड, पुन्हा शॉट, गोल. या एका ओळीत खेळाडूच्या कौशल्याचा वाटा किती आणि त्या क्षणी निघालेल्या संख्येचा किती, हे ओळखणे म्हणजेच भाकीत करणे.

प्रश्न खरे तर दोन आहेत आणि ते पुष्कळदा एकमेकांत मिसळले जातात. पहिला, पहिल्या फेरीत कोण कोणासमोर येईल? दुसरा, समोर आल्यावर कोण जिंकेल? पहिल्या प्रश्नाकडे फार दुर्लक्ष होते, म्हणून आधी त्याच्याकडे वळतो.

आमच्या लीगने एनएचएलची, म्हणजे उत्तर अमेरिकेतील मुख्य व्यावसायिक आइस हॉकी लीगचीच रचना घेतली आहे. त्यात दोन कॉन्फरन्स असतात आणि प्रत्येकीत दोन डिव्हिजन. २०१३-१४ पासून एनएचएलमध्ये प्रत्येक डिव्हिजनमधील पहिले तीन संघ थेट बाद फेरीत जातात आणि प्रत्येक कॉन्फरन्समधील उरलेल्यांतून सर्वाधिक गुणांच्या आणखी दोन संघांना वाइल्ड कार्ड, म्हणजे प्रवेश, मिळतो. डिव्हिजनमधील दुसरा आणि तिसरा संघ एकमेकांशी भिडतात. दोन डिव्हिजन विजेत्यांपैकी ज्याची कामगिरी सरस, त्याच्या वाट्याला दुसऱ्या क्रमांकाचा वाइल्ड कार्ड संघ येतो आणि दुसऱ्या विजेत्याला पहिला वाइल्ड कार्ड संघ. या नियमाचा परिणाम असा, की काही जोड्या हंगाम संपण्याच्या कितीतरी आधी जवळपास ठरून जातात आणि काही शेवटच्या दोन-तीन दिवसांपर्यंत लोंबकळत राहतात. २०१८-१९ चेच पाहा. अटलांटिक डिव्हिजनमध्ये टँपा बे १२८ गुणांवर होता, बॉस्टन १०७ वर, टोरांटो १०० वर. वरचा संघ हाती लागणार नाही आणि खालचा गाठणार नाही, अशी स्थिती असल्यामुळे बॉस्टन-टोरांटो ही जोडी सांगायला कोणताही हिशेब लागत नव्हता. पण टँपासमोर कोण येणार, हे शेवटच्या आठवड्यातही उघडे होते, कारण कॅरोलायना ९९, कोलंबस ९८ आणि मॉन्ट्रियल ९६ अशा गुणांवर हंगाम संपला. दोन गुण इकडचे तिकडे झाले असते तर बाद फेरीचे चित्र बदलले असते, आणि दोन गुण म्हणजे फक्त एक विजय.

इथे नवख्या माणसाकडून एक चूक हमखास होते. तो प्रत्येक संघाचे अपेक्षित गुण काढतो, त्यांची तालिका मांडतो आणि त्या तालिकेवरून जोड्या जाहीर करतो. एका संघाचे अपेक्षित गुण ९५.२ आणि दुसऱ्याचे ९४.८ आले, तर पहिला पुढे राहील असे त्या तालिकेत ठामपणे दिसते, पण वास्तवात त्या दोघांत नाणे उडवण्याइतकाच फरक असतो. शिवाय उरलेल्या सामन्यांत ते दोघे एकमेकांशीच खेळणार असतील, तर एकाचा फायदा हा दुसऱ्याचा तोटा असतो आणि वेगवेगळे हिशेब मांडून हे कधीच पकडता येत नाही. म्हणून उरलेले सर्व सामने एकत्र घ्यावेत, संगणकावर दहा हजार वेळा खेळवावेत, प्रत्येक वेळी पूर्ण तालिका लावावी, बरोबरी झाली तर नियमित वेळेतील विजयांचा निकषही लावावा आणि मग कोणती जोडी किती वेळा जुळली ते मोजावे. उत्तर एका नावाचे नसते. ‘कोलंबस ४५ टक्के, कॅरोलायना ४० टक्के, मॉन्ट्रियल १५ टक्के’ अशा स्वरूपाचे असते, आणि तेच खरे उत्तर असते.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी आधी गुणतालिकेविषयी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण माझे सगळे म्हणणे त्या एका गोष्टीवर उभे आहे. दोन संघ अगदी समान ताकदीचे आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे पन्नास-पन्नास टक्क्यांचा खेळ आहे असे धरा. ८२ सामन्यांत प्रत्येकाचे सरासरी ४१ विजय होतील, पण केवळ योगायोगामुळे त्यात साडेचार विजयांचा चढउतार ही सामान्य बाब आहे. ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळेत हरणाऱ्याला मिळणारा एक गुण बाजूला ठेवला, तर हा चढउतार सुमारे नऊ गुणांचा झाला. म्हणजे एक संघ ९१ वर आणि दुसरा ८२ वर थांबला, तरी त्यांच्या ताकदीत तसूभरही फरक नसण्याची शक्यता पूर्णपणे शिल्लक राहते. गुणतालिका हा एकदाच टाकलेला फासा आहे. बर्फावरच्या हॉकीत आपल्याकडे तेवढाच एक फासा असतो, म्हणून आपण त्याला मान देतो. आभासी लीगमध्ये मात्र संघाची फाइल समोर असते, खेळाडूंचे आकडे समोर असतात, आणि तरीही लोक तालिकेकडेच पाहून भाकीत लिहितात, याची मला मनापासून खंत वाटते.

मी स्वतः काय पाहतो ते सांगतो. अदलाबदलीची मुदत संपल्यानंतर संघ जसा आहे तसा मी घेतो. ऑक्टोबरमध्ये तो कसा होता, हे मला महत्त्वाचे वाटत नाही. २०१९ मध्ये कोलंबसने मुदतीच्या आत मॅट डुशेन आणि रायन डझिंगल यांना आणले होते. त्या संघाच्या ९८ गुणांपैकी मोठा भाग या दोघांशिवाय मिळवलेला होता, म्हणजे तालिकेतला कोलंबस आणि टँपासमोर उतरलेला कोलंबस हे दोन वेगळे संघ होते. त्यानंतर मी शूटआउटमधून (जादा वेळेनंतरही बरोबरी राहिल्यास गोलरक्षकासमोर एकेकट्या खेळाडूने मारायच्या शॉटमधून) आलेले गुण वेगळे काढतो, कारण बाद फेरीत शूटआउट नसतो. तिथे पाच विरुद्ध पाच असा, गोल होईपर्यंत खेळ चालतो, आणि नियमित हंगामातील जादा वेळेच्या, तीन विरुद्ध तीनच्या पाच मिनिटांत चमकणाऱ्या संघाला तिथे काही विशेष लाभ होत नाही. मग लाइन पाहतो. पुष्कळ जीएम वर्षभर चौथ्या लाइनला उदारपणे वेळ देतात आणि बाद फेरीत पहिल्या दोन लाइनचा वेळ वाढवतात. दमसासाचा आकडा कमी असलेल्या खेळाडूंवर याचा काय परिणाम होईल, हे आधीच तपासता येते.

सगळ्यात जास्त वेळ मी गोलरक्षकावर घालवतो, आणि तिथेच मला सर्वाधिक सावध राहावे लागते. एका सामन्यात साधारण ३० शॉट येतात असे धरू. ज्याचे अडवण्याचे प्रमाण ०.९१० आहे आणि ज्याचे ०.९२० आहे, त्या दोघांत सामन्यामागे ०.३ गोलांचा फरक पडतो. हा फरक मोठा आहे, हंगामभरात तो चोवीस-पंचवीस गोलांवर जातो. पण सात सामन्यांत येतात जेमतेम २१० शॉट, आणि तेवढ्या शॉटमध्ये निव्वळ योगायोगानेच हे प्रमाण ०.०२० ने वर-खाली होऊ शकते. म्हणजे दोन गोलरक्षकांतील खऱ्या फरकाच्या दुप्पट हेलकावा एका मालिकेत योगायोगच देऊन जातो. चार गोल इकडे किंवा तिकडे. मालिकेत दोन सामने एका गोलाने सुटले, तर हे चार गोल म्हणजेच निकाल.

आता प्रत्यक्ष आकडेमोड. सरासरी संघासमोर जो संघ ६५ टक्के सामने जिंकेल, तो सरासरीसमोर ५२ टक्के जिंकणाऱ्या संघाशी खेळला, तर एका सामन्यात त्याची शक्यता सुमारे ६३ टक्के येते. ही रीत बेसबॉलमध्ये आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी रूढ केली आणि हॉकीतही ती पुरेशी चालते. ६३ टक्क्यांचा संघ सातपैकी चार सामने आधी जिंकण्याची शक्यता होते सुमारे ७७ टक्के. एका सामन्यात ६० टक्के असेल तर मालिकेत ७१, आणि ५५ टक्के असेल तर मालिकेत ६१. पहिल्या फेरीतील पुष्कळशा लढती या शेवटच्या गटातल्या असतात, असे माझे मत आहे. आठही लढतींत सरस संघाची शक्यता ६१ टक्के असेल आणि आपण प्रत्येक वेळी सरस संघच निवडला, तर आठही भाकिते खरी ठरण्याची शक्यता दोन टक्क्यांपेक्षाही कमी राहते आणि सरासरी पाच बरोबर येतात. पाच बरोबर आले म्हणून कोणी खट्टू होऊ नये आणि आठ बरोबर आले म्हणून कोणाला भविष्यवेत्ता मानू नये. ‘सहा सामन्यांत जिंकतील’ असे लिहिण्याची पद्धत तर मी सोडूनच दिली आहे. समान ताकदीच्या संघांत मालिका सहा सामन्यांत संपण्याची शक्यता ३१ टक्के, सातमध्येही तेवढीच, पाचमध्ये २५ आणि चारमध्ये साडेबारा असते, त्यामुळे त्या एका आकड्यावर पैज लावण्यात अर्थ उरत नाही.

टँपाची गोष्ट इथे पुन्हा घेतली पाहिजे. ६२ विजय, निकिता कुचेरोव्हचे एकट्याचे १२८ वैयक्तिक गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून), पहिल्या सामन्यात ३-० अशी आघाडी. आणि तो सामना ४-३ असा गमावून पुढे मालिका ४-० अशी हातची गेली. तिसऱ्या सामन्यात कुचेरोव्ह निलंबित होता आणि बचावपटू व्हिक्टर हेडमन दुखापतीमुळे शेवटचे दोन सामने खेळला नाही. त्याच वर्षी वॉशिंग्टन, नॅशव्हिल आणि कॅल्गरी हेही हरले, म्हणजे चारही डिव्हिजन विजेते पहिल्याच फेरीत बाहेर गेले. असे एनएचएलच्या इतिहासात आधी कधी घडले नव्हते. त्यानंतर किती लिहिले गेले, किती कारणे शोधली गेली! कारणे खोटी नव्हती. पण एका सामन्यात ६३ टक्के शक्यता असलेला संघ हजारपैकी सुमारे एकोणीस मालिकांत सरळ ४-० असा हरतोच, हेही तितकेच खरे आहे. चार वर्षांनी ६५ विजय आणि १३५ गुणांचा विक्रम करणाऱ्या बॉस्टनला ९२ गुणांच्या फ्लोरिडाने ३-१ अशा पिछाडीवरून सात सामन्यांत हरवले, तेव्हाही बहुतेकांनी बॉस्टनच्या मनोधैर्याची चिकित्सा केली. बॉस्टनला मी ८० टक्के दिले असते. उरलेले २० टक्के फ्लोरिडाचेच होते आणि त्या वर्षी ते वसूल झाले.

२०१९ ची ती मालिका पुन्हा खेळवता येत नाही. आभासी लीगमध्ये मात्र ते करता येते. आमच्या लीगमध्ये निकाल जाहीर झाल्यावर हंगामाची फाइल सगळ्यांना मिळते आणि मी प्रत्येक मालिका त्याच लाइन, त्याच दुखापतींसह हजार वेळा चालवून पाहतो. पहिल्यांदा हे केले तेव्हा मी रात्रभर जागा होतो. ज्या पराभवासाठी मी एका गोलरक्षकाला दोष देऊन त्याची अदलाबदल केली होती, ती मालिका तोच संघ हजारपैकी सातशेहून अधिक वेळा जिंकत होता. तो गोलरक्षक पुढची सहा वर्षे दुसऱ्याच्या संघात उत्तम खेळला. ही अदलाबदल मला अजून सलते.

भाकीत तपासायचे कसे, याला १९५० मध्ये अमेरिकी हवामान खात्यातील ग्लेन ब्रायर यांनी सोपी पट्टी दिली. आपण दिलेली शक्यता आणि निकाल यांतील फरकाचा वर्ग करायचा, निकाल जिंकल्यास एक आणि हरल्यास शून्य धरायचा. ७७ टक्के दिले आणि तो संघ जिंकला तर ०.०५, हरला तर ०.५९. सगळीकडे ५० टक्के लिहून मोकळे झालो तर कायम ०.२५. जितका आकडा लहान तितके भाकीत चांगले. एका हंगामाच्या आठ लढतींवरून यातून काही ठरत नाही, पण अकरा हंगामांच्या ८८ लढती झाल्या की कोण उगाच ठामपणे बोलतो आणि कोण विचार करून बोलतो हे दिसू लागते. ज्यांना मी ७० टक्क्यांच्या आसपास दिले होते, ते संघ दहापैकी सात वेळा जिंकले का, हे मी दर वर्षी तपासतो. सुरुवातीची काही वर्षे ते दहापैकी सहाच वेळा जिंकत होते. गुणतालिकेने मला भुरळ घातली होती.

या वर्षीचा माझा कागद सोबत आणला आहे. आठ ओळी आहेत. सर्वांत मोठा आकडा ७४ टक्के, सर्वांत लहान ५२. एका जोडीसमोर दोन नावे आहेत, कारण शेवटच्या वाइल्ड कार्डसाठी झगडणाऱ्या दोन संघांत अजून एकाच गुणाचे अंतर आहे आणि त्या दोघांचा एकमेकांशी सामना रविवारी रात्री नऊ वाजता चालवला जाणार आहे. त्या सामन्यात बाहेरून येणाऱ्या संघाला मी ४८ टक्के दिले आहेत.