पिवळ्या पुड्यातली अरेपा

[दृश्य: सकाळ. दुकानांची बैठी ओळ. एका टोकाला लॉन्ड्री, शेजारी मोबाइल दुरुस्ती, मध्ये वाफेनं धुरकटलेलं काचेचं दार.]

फ्लोरिडातलं डोराल. मायामी विमानतळाच्या पश्चिमेला लागून असलेलं शहर. कागदोपत्री डोराल, लोकांच्या तोंडी 'डोरालसुएला'. अमेरिकेत व्हेनेझुएलाच्या माणसांची इतकी दाट वस्ती दुसरीकडे नाही. अरेपा म्हणजे मक्याच्या पिठाची जाड, आत सारण भरलेली व्हेनेझुएलाची भाकरी. ती मिळते ते ठिकाण म्हणजे अरेपेरा, आणि ती इथे शोधत फिरावं लागत नाही. ५ मार्च २०१३ रोजी व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष ऊगो चावेस वारल्याची बातमी आली, तेव्हा इथली माणसं झेंडे घेऊन जमली ती एखाद्या चौकात नाही, तर 'एल अरेपासो' नावाच्या खानावळीपाशी.

आपण मात्र त्या नावाजलेल्या ठिकाणी जाणार नाही. आपलं हॉटेल साधं आहे. आठ-दहा टेबलं, काउंटरवर काचेचं गरम कपाट, त्यात एम्पानादा, म्हणजे सारण भरून तळलेल्या करंज्या, आणि तेकेन्यो. तेकेन्यो म्हणजे चीजच्या कांडीला पिठाची पट्टी गुंडाळून तळलेला प्रकार. भिंतीवर टीव्ही. मोसम असेल तर त्यावर बेसबॉल लागलेलं असतं, आणि सामना काराकास विरुद्ध मागायानेस या कट्टर वैरी संघांचा असेल तर जेवण यायला वेळ लागणार हे गृहीत धरायचं. ऑर्डर घेणारी बाई वयानं लहान असो की मोठी, गिऱ्हाइकाला 'मी आमोर', म्हणजे 'माझ्या प्रेमा', म्हणते. त्यात विशेष काही समजू नये, ती सगळ्यांनाच म्हणते.

[दृश्य: स्वयंपाकघर. परात, पाणी, मीठ, पिवळा पुडा.]

आधी पाणी, त्यात मीठ, मग पीठ. उलटं केलं की गुठळ्या होतात. भिजवलेलं पीठ पाचेक मिनिटं तसंच ठेवायचं, कारण ते सावकाश पाणी पितं. मग गोळा करून तळहातांवर चपटा करायचा, बोटभर जाडीचा. कडेला चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावायचा. बुदारेवर, म्हणजे सपाट तव्यावर, दोन्ही बाजूंनी कडक पापुद्रा धरू द्यायचा आणि मग आत शिजायला ओव्हनमध्ये. झाली की नाही हे बघायला बाई तिच्यावर बोटांनी टकटक करते. पोकळ आवाज आला की झाली.

दहा मिनिटांत मळून तयार होणारं हे पीठ फार जुनं नाही. त्याआधी अरेपा म्हणजे आदल्या दिवसापासूनची मेहनत. वाळलेला मका लाकडी उखळात, पिलोनमध्ये, कांडून त्याचं साल आणि कोंब काढायचा, मग उकडायचा, मग दळायचा. कांडताना बायका गाणी म्हणत. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या माणसाला त्या गाण्यांबद्दल वेगळं सांगायला नको. लुईस काबायेरो मेखीयास या इंजिनिअरनं आधीच शिजवलेल्या मक्याच्या पिठाचं पेटंट १९५४ साली घेतलं. १९६० साली बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या पोलार कंपनीनं 'आरीना पान' बाजारात आणलं. पिवळा पुडा, त्यावर ठिपक्यांचा रुमाल बांधलेली बाई. गाणी गेली, उखळं अंगणात पडून राहिली. हळहळणारे हळहळोत, रोज पहाटे कांडणाऱ्या बाईला कुणी विचारलं असतं तर तिनं पुडाच मागितला असता.

[दृश्य: सुरीनं एका कडेनं उघडलेली अरेपा, वाफ, वितळणारं लोणी.]

आता सारण. 'रेइना पेपियादा' म्हणजे कोंबडी, अॅव्होकाडो आणि मेयोनेज. सुसाना दुइम १९५५ साली मिस वर्ल्ड झाली, हा किताब मिळवणारी पहिली लॅटिन अमेरिकन. तिच्या मानासाठी काराकासमधल्या आल्वारेस भावांच्या अरेपेरात ही अरेपा ठेवली गेली. सारण गार, अरेपा भाजणारी, सगळी गंमत त्यातच आहे. 'पेलुआ'मध्ये तंतू तंतू सुटलेलं गोमांस आणि वर किसलेलं पिवळं चीज. 'दोमिनो'मध्ये काळे बीन्स आणि पांढरं चीज, रंग डोमिनोच्या सोंगट्यांचे. आत काहीच नसलेली अरेपाही मिळते. तिला 'विउदा', म्हणजे विधवा म्हणतात. नाव ठेवणाऱ्याची जीभ तिखट होती.

टेबलावर हिरवी बाटली असते ती ग्वासाकाकाची. अॅव्होकाडो, कोथिंबीर, लसूण, व्हिनेगर. दर घासाला थोडी ओतायची, एकदम ओतली तर खालून गळते आणि मनगटापर्यंत ओघळ येतो.

[दृश्य: शेजारच्या दुकानात खोके. टेप, वजनकाटा, मार्करनं लिहिलेले पत्ते.]

२०१४ नंतरच्या काही वर्षांत व्हेनेझुएलात हेच पीठ मिळेनासं झालं. सुपरमार्केटबाहेर तासन्‌तास रांगा, आणि रांगेच्या शेवटी रिकामा शेल्फ. तेलाच्या पैशावर चाललेल्या देशात आयात आटली, सरकारनं बांधलेल्या दरात कारखाना चालवणं परवडेना, आणि मग महागाईनं पगारच गिळले. सत्तर लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली. डोरालमधून तेव्हा खोकी निघू लागली. तांदूळ, औषधं, साबण, आणि पिवळे पुडे. तोच छाप, तीच रुमालवाली बाई, पण पीठ अमेरिकेतल्या कारखान्यात तयार झालेलं. बोटीनं काही आठवड्यांनी ते घरापर्यंत जायचं, आईच्या दारात. ज्या देशानं हे पीठ जगाला दिलं, त्याच देशात ते परदेशातून पार्सलनं येत होतं.

[दृश्य: पुन्हा हॉटेल. दुपार, टेबलं भरलेली.]

दुपारी ताटात येतो पाबेयोन: पांढरा भात, काळे बीन्स, तंतू सुटलेलं मांस आणि पिकल्या केळ्याचे तळलेले काप. ते काप गोड असतात, पण जेवणानंतरचा गोड पदार्थ म्हणून बाजूला ठेवू नका, भाताबरोबरच खायचे. प्यायला पापेलोन कोन लिमोन मागवा, म्हणजे गूळ आणि लिंबाचं सरबत. त्याची ओळख आपल्याला करून द्यावी लागणार नाही.

मांसाहार करत नसाल तर काचापा आहे. ओल्या मक्याचे दाणे वाटून केलेलं जाडसर धिरडं, मध्ये केसो दे मानो हे मऊ, लुसलुशीत चीज, वर लोण्याचा गोळा. दोमिनोही चालेल, फक्त बीन्स मांसाबरोबर शिजवलेत का, हे आधी विचारून घ्या. आणि अरेपेला काटा-चमचा मागू नका. कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी धरायची, थोडं पुढे वाकून खायची.