तुलनेची सत्तेचाळीस गावं

[दृश्य: कुडाच्या घराचं दार. आरोग्यदूत बाळाला झोळीत ठेवून काटा उचलते.]

बाळ हललं की काटा हलतो, म्हणून ती थांबते. काटा ठरला की वजन वाचते आणि वहीत लिहिते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना हे काम शिकवलं. १९९५-९६ हे पहिलं वर्ष मुख्यतः बघण्याचं आणि लिहून ठेवण्याचं होतं. ३९ गावांतली ७६३ बाळं, जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवस. बहुतेक बाळंतपणं घरीच झालेली.

वर्षाअखेरीस वह्या मोजल्या. ५४.४ टक्के बाळांना उपचारांची गरज होती. डॉक्टरांपर्यंत पोचली २.६ टक्के, म्हणजे ७६३ पैकी वीसेक बाळं.

हा निरीक्षणाचा अभ्यास. दुखणं किती आहे हे तो सांगतो. घरी उपचार केले तर बाळं वाचतील का, हे त्यातून कळत नाही.

[दृश्य: हातात मण्यांची पाटी आणि वाळूचं घड्याळ. शेजारी बाळाचं पोट वर-खाली होतंय.]

हे श्वास मोजायचं साधन. ज्यांना साठपर्यंत मोजणं अवघड, त्या दायांनाही वापरता यावं म्हणून केलेलं. वाळू एक मिनिट पडते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. आरोग्यदूतांना पुढे बाळ ऊबदार ठेवणं, जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणं, आणि जंतुदोष ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं शिकवलं गेलं.

[दृश्य: दुसरं गाव. डांबरी रस्ता, हातपंप, दारोदार फिरणारा कार्यकर्ता.]

आता ही गावं पाहा. तुलनेसाठी अशी ४७ होती. इथे आरोग्यदूत नव्हती. नेहमीच्या सरकारी सेवा तेवढ्या होत्या. मोजणी मात्र दोन्हीकडे सारखीच झाली. या अभ्यासाचा कणा मला याच गावांत दिसतो.

मोजणी म्हणजे काय, ते या दारात ऐका. ‘बाळ जन्मल्यावर रडलं होतं का?’ आई हो म्हणाली, तर ते जिवंत जन्मलं, मग गेलं. तो नवजात मृत्यू. बाळाने श्वासच घेतला नसेल, तर ते मृतजन्म, त्याचा रकाना वेगळा. पहिल्याच दिवशी गेलेलं बाळ कागदावर सहसा येत नाही. त्याचा जन्मही लिहिला जात नाही, मृत्यूही नाही. दर हजारी आकडा काढताना ते वरूनही गळतं आणि खालूनही. म्हणून दर सहा महिन्यांनी घरोघर.

[दृश्य: फळ्यावर खडूने चार आकडे.]

१९९३ ते ९५ या काळात ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात दगावत होते. १९९७-९८ मध्ये २५.५. एवढंच सांगितलं असतं, तर कुणीही विचारलं असतं: पाऊस बरा झाला असेल, रस्ते झाले असतील, सगळीकडेच कमी झालं असेल. उत्तर ४७ गावांत आहे. तिथे ५७.७ होते, ते ५९.६ झाले. आपल्याकडची घट ५८.९ टक्के, तिकडची वाढ ३.३ टक्के. दोन्ही मिळून निव्वळ फरक ६२.२ टक्के.

योगायोगाने असं झालं असेल का? खरं तर काहीच परिणाम नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी निघाली. संख्याशास्त्रातल्या ‘पी’चा अर्थ तेवढाच. उपचार किती मोठा, किती चांगला, हे पी सांगत नाही. ते ६२ आणि २५.५ सांगतात.

एक गोष्ट लपवायची नाही. कोणती गावं कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. चिठ्ठ्या टाकल्या की आपल्याला माहीत नसलेले फरकही दोन्ही बाजूंना वाटले जातात. ती उणीव इथे होती. बांगलादेशात सिल्हेटमध्ये चिठ्ठ्या टाकून गट पाडले, घरी जाऊन सेवा दिली. २००८ मध्ये छापून आलेला निकाल नवजात मृत्यूंत ३४ टक्के घट दाखवतो. गडचिरोलीपेक्षा कमी, पण दिशा तीच.

[दृश्य: पुन्हा पहिलं घर. वहीचं पान.]

गडचिरोलीचा निकाल डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि २०११ पासून देशभरातल्या ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या नवजात बाळांसाठीच्या घरभेटी सुरू झाल्या.

काटा उतरला. आरोग्यदूत वजन लिहिते आहे. बाळाच्या नावाच्या रकान्यात अजून आईचंच नाव आहे.