पूर ओसरल्यावर शाळा भरण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस तितूर आणि डोंगरी या नद्यांचे पाणी चाळीसगाव शहरात शिरले, तेव्हा अचानक येणारा पूर काय करतो हे खानदेशाने पाहिले. असा पूर ओसरला की शाळा लवकर भरावी, असा पालकांचा आग्रह असतो. तो रास्तच आहे, कारण सवंगडी भेटले की घाबरलेली मुले सावरतात. मात्र घंटा देण्यापूर्वी शाळेची पाण्याची टाकी तपासावी, हे मला आज कळकळीने सांगायचे आहे.

पुराचे पाणी शोषखड्ड्यांतून आणि उकिरड्यांवरून आलेले असते. त्यामुळे टाकीतले पाणी नितळ दिसले तरी त्यात जुलाब, कावीळ, विषमज्वर यांचे जंतू असू शकतात. टाकी पूर्ण रिकामी करून गाळ काढावा, आतल्या भिंती घासून घ्याव्यात, आणि नवे पाणी भरल्यावर आरोग्य सेवकांनी सांगितलेल्या प्रमाणात टीसीएल पावडरचे, म्हणजे क्लोरीन असलेल्या जंतुनाशक ब्लीचिंग पावडरचे, द्रावण मिसळून किमान अर्धा तास ते पाणी वापरू नये. त्यानंतर मुले ज्या नळाचे पाणी पितात, त्याच नळाच्या पाण्याची ओटी चाचणी, म्हणजे ऑर्थोटोलिडीन हे रसायन घालून क्लोरीन तपासण्याची चाचणी, करावी. परीक्षानळीत पिवळी छटा आली, तरच पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. पावडर टाकली एवढ्यावर समाधान मानणे मला धोक्याचे वाटते, कारण उघड्या पोत्यात दमट झालेल्या पावडरीचा जोर कमी झालेला असतो.

पोषण आहाराचा भिजलेला तांदूळ आणि डाळ वाळवून वापरण्याचा मोह होतो. अन्न वाया जाताना जीव तुटतो, हे खरे, पण पुराच्या पाण्यात भिजलेले धान्य मुलांच्या ताटात येता कामा नये. अडगळीच्या खोलीत साप, विंचू असू शकतात. तिथली साफसफाई मुलांना सांगू नये.

शाळा सुरू झाल्यावर शिक्षकांनी हजेरीपटाकडे बारकाईने पाहावे. एकाच गल्लीतली दोन-तीन मुले जुलाबामुळे गैरहजर दिसली, तर आठवडा संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. जुलाब होणाऱ्या मुलाला ओआरएस लगेच सुरू करावे. एक लिटरचे पाकीट असेल, तर ते संपूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यातच मिसळावे, थोडे थोडे पाजत राहावे आणि २४ तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यावे. मूल सुस्तावले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.