दुकानात ठेवून गेलेलं मूल आणि एकटा पुस्तकविक्रेता

पुस्तकविक्रेते मंडळी, कथा-कादंबऱ्यांतून हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. बायको गेल्यापासून कुणात न मिसळणारा, पुस्तकांच्या गठ्ठ्यांआड बसलेला दुकानदार. एक दिवस गल्ल्याशेजारी कुणीतरी तान्ही मुलगी ठेवून जातं आणि पुढच्या प्रकरणात ती त्याची झालेली असते. आजच्या भारतात ती तशी होत नाही, विक्रेता कितीही भला असला तरी. सापडलेल्या मुलावर ते ज्याला सापडलं त्याचा हक्क नसतो. तो का नसतो, आणि तरीही अशा माणसाच्या घरात मूल कोणत्या वाटेनं येऊ शकतं, हे आज बघू.

पहिली गोष्ट वेळेची. बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे पालकांपासून तुटलेलं मूल सापडलं तर 24 तासांच्या आत 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन, जवळचं पोलीस ठाणं, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी एकाला कळवावंच लागतं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'आई परत येईल, दोन दिवस वाट बघू' हा विचार माणुसकीचा वाटतो, पण तिथेच घोटाळा होतो. तान्ह्या बाळाला ऊब द्या आणि सरकारी रुग्णालयात न्या. मध, गाईचं दूध, घुटी काही चाटवू नका. अंगावरचे कपडे, पिशवी, चिठ्ठी जशीच्या तशी ठेवा. मूल किती वाजता दिसलं ते बिलबुकाच्या मागे का होईना, लिहून ठेवा. सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी वेगळं काढून घ्या, कारण जुन्यावर नवं चढत जातं. मुलाचा फोटो व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही. ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याचा दंड दोन लाखांपर्यंत जातो.

मूल समितीपुढे येतं, विशेष दत्तक संस्थेत ठेवलं जातं, आणि मग शोध सुरू होतो. स्थानिक वर्तमानपत्रात फोटोसह जाहिरात, पोलिसांची चौकशी, सामाजिक तपासणी अहवाल. मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत, त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत समितीनं ते दत्तकासाठी मुक्त आहे की नाही हे ठरवायचं असतं. त्या निर्णयावर किमान तीन सदस्य लागतात. हा वेळ सरकारी दिरंगाईचा नव्हे, जन्मदात्या आईचा आहे. अशा चौकशीच्या काळात जन्मदात्यांवर गुन्हा नोंदवू नये, असं कायदाच सांगतो. कारण उघड आहे. पोलिसांची भीती असेल तर आई परत येणारच नाही. चिठ्ठी फाडून टाकणारा दुकानदार आईची परतीची वाट बंद करतो.

ही समज आपल्याकडे नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते बाईची अब्रू आणि मुलाचा जीव दोन्ही राखायला, आणि त्याच घरात जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी आपलं केलं. दत्तक संस्थांच्या दाराशी आज दिसणारा, नको असलेलं बाळ सुखरूप ठेवून जाण्यासाठीचा पाळणा त्याच कुळातला.

मूल मुक्त झालं तरी ते आपोआप दुकानदाराकडे येत नाही. 'कारा' म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरण; त्याच्या 'केअरिंग्ज' या दत्तक नोंदणीच्या पोर्टलवर ज्यांची नोंदणी आधीची, त्यांचा क्रम आधी. काही जण वकिलाकडून स्टँप पेपरवर दत्तकपत्र करून मोकळे होतात. सापडलेल्या मुलासाठी त्या कागदाला किंमत नाही. उलट, प्रक्रिया डावलून मूल ठेवलं म्हणून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि कादंबरीतलं मूल मुलगी असतं. बाल न्याय अधिनियमाखाली एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, कोणीही चालतं. गंमत अशी की 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात पुरुषाला मुलगी दत्तक घेता येते, फक्त वयात 21 वर्षांचं अंतर हवं. पण समितीच्या ताब्यातल्या मुलाची वाट त्या कायद्यातून जात नाही. प्रतिपालन (फॉस्टर केअर), म्हणजे दत्तक न घेता मूल काही काळ घरी सांभाळणं, 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तींना खुलं केलं आणि दोन वर्षांनंतर दत्तकाची सोयही दिली. तिथेही एकट्या पुरुषाला मुलगाच. मला ही सरसकट बंदी पटत नाही. माणूस पारखायला समाजसेविकेची गृहभेट असते, ती नीट करावी. पण कायदा आज असा आहे.

वयाचं गणितही बघून घ्या. एकट्या अर्जदाराचं वय 40 पर्यंत असेल तर दोन वर्षांपर्यंतचं मूल, 45 पर्यंत असेल तर दोन ते चार, 50 पर्यंत चार ते आठ आणि 55 पर्यंत आठ ते अठरा वर्षांचं. शिवाय मूल आणि पालक यांच्यात किमान 25 वर्षांचं अंतर. पन्नाशीच्या विधुरानं पाळण्यातल्या बाळाची स्वप्नं बघू नयेत. सहा-सात वर्षांचा, वाचू लागलेला मुलगा त्याच्या दुकानाला जास्त शोभेल.

गृहभेटीत दुःख लपवू नका. पत्नीच्या मृत्यूचा दाखला कागदपत्रांत लागतोच आणि समाजसेविका त्याबद्दल विचारणारच. 'मी सावरलोय' या उत्तरानं काही कळत नाही. रात्री झोप लागते का, जेवण कोण करतं, आजारी पडलात तर कोण येतं, ही उत्तरं उपयोगी. आपल्यानंतर मुलाला सांभाळेन, असं एखाद्या नातेवाइकाचं हमीपत्रही हवं. एकलकोंड्या माणसाचं गाडं नेमकं इथं अडतं. कुणाचं नाव लिहायचं, हा प्रश्न अर्ज भरताना पहिल्यांदा पडू नये.

आता दुकान. पुस्तकांच्या मांडण्या आणि रॅक भिंतीला स्क्रूनं आवळा. मूल खालचा कप्पा पायरीसारखा वापरतं आणि वरचे शब्दकोश, विश्वकोश घेऊन अख्खा रॅक अंगावर येतो. जड पुस्तकं सर्वात खाली ठेवा. कसर लागू नये म्हणून कपाटात टाकलेल्या डांबरगोळ्या आजच काढा. पांढऱ्या गोळ्या मुलं चॉकलेट समजून तोंडात घालतात, आणि नॅफ्थलीननं रक्तातल्या लाल पेशी फुटतात; काही मुलांना जन्मतःच याचा धोका जास्त असतो. कपाट कोरडं ठेवा, पुस्तकं महिन्याकाठी झटका, तेवढ्यानं कसर बरीच आटोक्यात राहते. कटर, गठ्ठ्यांच्या प्लॅस्टिक पट्ट्या, स्टेपलरच्या पिना, पोटमाळ्याची शिडी यांना कुलूपबंद जागा हवी.

दत्तकाचा आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकारी देतात. त्यानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणी होते. आपला खरा सीझन जूनचा, क्रमिक पुस्तकं आणि वह्यांचा. त्या महिन्यात भेट आली तर पुढे ढकलू नका. एवढ्या गर्दीत मूल कुठं असतं आणि त्याच्याजवळ कोण असतं, तेच त्यांना बघायचं असतं.