बाथरूममधली कोरी पिशवी

नमस्कार श्रोतेहो. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी काडेपेट्यांवरची चित्रं. विमानात उलटीसाठी ठेवतात त्या पिशव्या जमवणारेही जगात आहेत. मी जमवते त्या हॉटेलांच्या बाथरूममधल्या, वापरलेलं सॅनिटरी पॅड टाकायच्या पिशव्या. कोऱ्या, बरं का! आमच्या जाऊबाईंनी फाइल उघडली आणि "शी, हे काय गं!" म्हणून मिटली. मग चष्मा लावून पुन्हा उघडली.

बघण्यासारखं असतं हो त्यात. पिशवी वीतभर लांब, पांढऱ्या कागदाची. काहींना आतून मेणाचा नाहीतर प्लॅस्टिकचा पातळ थर, ओल बाहेर येऊ नये म्हणून. वर फूल, फुलपाखरू, नाहीतर घेरदार झग्यातली बाई. आत काय टाकायचं ते चित्रावरून ओळखून दाखवा! मजकूर इंग्रजीत. मराठी मजकुराची एकही मला अजून मिळालेली नाही.

माझी सगळ्यात आवडती पिशवी मात्र छापील नाहीच. गणपतीपुळ्याला एका छोट्या लॉजमध्ये खोल्या झाडणाऱ्या ताईंनी जुन्या वर्तमानपत्राची, खळ लावून चिकटवलेली पिशवी ठेवली होती. वरच्या बाजूला हापूसच्या पेटीचे भाव. ती त्यांनी का केली असेल, ते उघड आहे. पाहुणी निघून जाते, डबा त्यांनाच उपसायचा असतो.

पॅड गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकावं, आणि कंपन्यांनी त्यासाठी पॅडबरोबर पिशवी द्यावी, असं 2016 च्या घनकचरा नियमांतच होतं. पुण्यात कचरावेचक महिलांनी तर अशा पुडीवर लाल ठिपका काढा म्हणून मोहीमच चालवली, आत काय आहे ते बघताच कळावं म्हणून. आपल्याकडे किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी सेप्टिक टँक. पॅड कमोडमध्ये गेलं की पाणी पिऊन टम्म फुगतं आणि पाइप तुंबतो. तोही नेमका भर पावसात, सगळीकडे पाणी साचलेलं असताना. मग कुणाला तरी झाकण उघडावं लागतं.

हायवेवरच्या सार्वजनिक शौचालयांचं पान माझ्या फायलीत कोरंच आहे. तिथे बऱ्याचदा झाकणाचा डबाच नसतो, पिशवी कुठली?

तेव्हा मैत्रिणींनो, मराठी मजकुराची पिशवी कुठे दिसली तर माझ्यासाठी एक घ्या. शेवटचीच उरली असेल तर मात्र राहू द्या, मागून येणारीला लागेल.