बटाटे सोलायला लागतो तेवढा वेळ

संथ युरोपियन सिनेमा कसा बघायचा यावर बोला म्हणालात, पण मी आज दोनच सिनेमांबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही बरंचसं बटाट्यांबद्दल.

पहिला 'झान डिलमान', 1975 चा. दिग्दर्शिका शांताल आकेरमान, बेल्जियमची, तेव्हा 24-25 वर्षांची पोरगी हो. सिनेमाचं पूर्ण नाव म्हणजे नायिकेचं नाव आणि तिचा ब्रुसेल्समधला पत्ता, बास. लांबी 201 मिनिटं. एक विधवा बाई, शाळकरी मुलगा, छोटं घर आणि तीन दिवस. ती भांडी घासते, मुलाचे बूट पॉलिश करते, बाजारात जाते, बटाटे उकडायला ठेवते, आणि रोज दुपारी एक पुरुष पैसे देऊन तिच्याकडे येतो. आता दुसरा कुठलाही सिनेमा असता तर कॅमेरा आधी बेडरूममध्ये शिरला असता आणि भांडी घासणं कापलं असतं ना, इथे पहिल्या दिवशी बरोबर उलटं, दार बंद होतं, कॅमेरा बाहेर पॅसेजमध्येच, एक कट, उजेड कमी झालाय, दार उघडतं, माणूस निघाला. आणि भांडी घासणं मात्र अख्खं दाखवलंय. कुणाचा वेळ कापायचा आणि कुणाचा ठेवायचा हे आकेरमानने ठरवलंय, आणि माझ्या मते हीच या सिनेमाची सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

मी पहिल्यांदा बघितला तेव्हा तासाभरात उठून गेलो होतो, खूप कंटाळलो. काही वर्षांनी घरी परत लावला, आई शेजारी बसलेली, तिला फ्रेंच येत नाही, इंग्रजी सबटायटल्स वाचायच्या फंदात ती पडली नाही. दुसरा दिवस सुरू होता, तो पुरुष गेला, आणि आई एकदम म्हणाली, "अगं बाई, बटाटे!" मला काहीच कळलं नाही. मग खरंच, बटाटे जास्त शिजून गेलेले, आणि झान ते पातेलं हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरतेय, कुठे ठेवावं तेच सुचत नाही. पैसे ठेवते त्या सुपाच्या भांड्याचं झाकण उघडंच राहिलंय. आई म्हणाली, हिचं काहीतरी बिनसलंय आज.

बघा, पार्श्वसंगीत नाही, क्लोजअप नाही, कॅमेरा जागचा हलत नाही, झानचं काम करणाऱ्या देल्फीन सेरिगच्या चेहऱ्यावर फारसं काही दिसत नाही, तरी आईला कळलं. कारण पहिल्या दिवशी तिने सगळी कामं पूर्ण वेळ बघितली होती, प्रत्येक खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करणं वगैरे, तिला त्या घराची लय पाठ झाली होती. ती लय पाठ व्हायलाच तो वेळ लागतो. घाईच्या सिनेमात असं काही घडवायचं तर कुणाला तरी मरावं लागतं, इथे एक झाकण पुरतं. घरात बटाटे संपलेले, ती बाहेर जाऊन आणते, परत सोलायला बसते, आणि त्या सोलण्याची मला खरोखर भीती वाटली. तिसऱ्या दिवशी काय होतं ते सांगत नाही, तुम्ही बघा.

दुसरा सिनेमा बेला तार या हंगेरियन दिग्दर्शकाचा, 'द ट्युरिन हॉर्स', 2011 चा. जवळपास अडीच तास आणि शॉट्स, म्हणजे मध्ये कट न करता सलग घेतलेले तुकडे, फक्त तीसेक. ब्लॅक अँड व्हाइट. माळावरचं दगडी घर, बाप, मुलगी, घोडा, बाहेर न थांबणारं वादळ. जेवण म्हणजे माणशी एक उकडलेला बटाटा. पहिल्या दिवशी कॅमेरा बापावर, त्याचा एक हात निकामी, दुसऱ्याने तो वाफाळता बटाटा ओरबाडतो, फुंकतो, कोंबतो. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, पण कॅमेरा मुलीवर, आणि ती किती हळू, किती निगुतीने सोलते! बटाटा तोच, पण आता आपल्याला दोन माणसं कळलीत, संवाद जवळपास नाहीच.

मग एकेक गोष्ट बंद पडत जाते. घोडा खात नाही, विहीर आटते, कंदिलात तेल असून तो पेटत नाही. सहाव्या दिवशी विस्तव नाही म्हणून बटाटे कच्चेच. बाप म्हणतो खाल्लं पाहिजे, एक घास तोडतो, त्या अंधारात तो कच्चा आवाज येतो. मुलगी समोरच्या बटाट्याला हात लावत नाही.